रद्दीचे मालक कोण?

परवा एका जुन्या स्नेह्यांकडे फराळास गेलो असता बोलण्याबोलण्यात व्हिडिओ गेमच्या मासिकांचा विषय निघाला. असले अंक जपून ठेवले पाहिजेत, असे आम्ही म्हणालो मात्र, गृहस्थ चकली मोडता मोडता थांबले. म्हणाले, "अहो, पोरांच्या खेळाची जाहिरात ती! तिला कसला आलाय इतिहास?" तोंडात चिवडा असल्यामुळे त्या वेळी आम्हांस उत्तर देता आले नाही. ते आज देत आहोत.

ज्या मासिकावरून हा वाद पेटला त्याचे नाव 'निन्टेन्डो पॉवर'. आमचा एक पुतण्या न्यू जर्सीत वाढला. १९९१ च्या सुट्टीत तो पुण्यास आला, तेव्हा त्याच्या पिशवीत कपड्यांपेक्षा या मासिकाचेच अंक अधिक निघाले. येथली मुले त्या अंकांभोवती अशी जमली, की जेवायला उठवताना त्यांच्या आयांचा घसा बसला.

निन्टेन्डो ही जपानातल्या क्योटोची कंपनी. १९८३ साली अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा असा बसला, की दुकानदार त्या मालाला दारात उभे करीनात. तशात १९८५ साली या कंपनीने न्यूयॉर्कमध्ये आपले यंत्र विकायला आणले आणि ते पाहता पाहता घरोघर गेले. यंत्र घेणाऱ्या मुलांना १९८७ पासून कंपनी एक फुकट पत्रक धाडीत असे. १९८८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये त्या पत्रकाचेच वर्गणीचे नियतकालिक झाले. आधी दोन महिन्यांनी, १९९१ पासून दरमहा. संपादक गेल टिल्डन नावाच्या बाई. पहिल्या मुखपृष्ठावर मातीचा घडवलेला मारिओ होता.

आता आमच्या स्नेह्यांचा आक्षेप. मासिक कंपनीचे, खेळ कंपनीच्या यंत्राचे, स्तुती करणारे नोकरही कंपनीचेच. खरे आहे. पहिल्या वर्षांत बाहेरच्या जाहिराती या मासिकात नसत; कशाला असाव्यात? अख्खा अंकच जाहिरात होता! अमुक खेळ भिकार आहे, पैसे वाया घालवू नका, असे ठणकावून सांगणारा संपादक तेथे शोधणे म्हणजे सासरी माहेरची भाकरी शोधणे. एवढे आम्ही बिनतक्रार कबूल करतो.

पण मग ती मुले त्यात पाहत काय होती? 'मेट्रॉइड' नावाचा एक खेळ घ्या. बोगद्यातून बोगदा, खोलीतून खोली, आणि पडद्यावर नकाशा म्हणून नाही! पोर तासन्‌तास त्याच भिंतीवर डोके आपटी. अशा खेळांचे नकाशे हे मासिक पडद्याची चित्रे एकाला एक जोडून पानेच्या पाने छापी. अडलेल्यांना कंपनीची माणसे टेलिफोनवरून वाट सांगत आणि त्यांतल्या निवडक अडचणी मासिकाच्या एका सदरात येत. हॉवर्ड फिलिप्स नावाचे, बो टाय लावणारे कंपनीतले एक गृहस्थ चित्रकथेचे नायकच होऊन बसले होते.

आणि यापेक्षा मोठी गोष्ट अशी, की अंकाचा एक भाग खुद्द वाचकच भरीत. मुले पत्रे लिहीत. पत्राच्या पाकिटावर रंगीत चित्रे काढून पाठवीत. ती पाकिटे छापून येत. कुणी मोठा गुणांक मिळवला तर बापाचा कॅमेरा मागून घ्यायचा, दिवे मालवायचे, टेलिव्हिजनच्या पडद्याचा फोटो काढायचा आणि पुरावा म्हणून तो धाडायचा. मग नावांच्या यादीत आपले नाव आले का, हे पाहण्यासाठी पोस्टमनची वाट पाहायची. आमच्या पुतण्यानेही एक पाकीट रंगवून पाठवले होते. छापून आले नाही. याचे दुःख त्याला आज पन्नाशीच्या उंबरठ्यावरही आहे. ही काय जाहिरात झाली? ही एका पिढीच्या बाळपणाची हजेरीवही आहे.

२००७ च्या अखेरीस कंपनीने हे मासिक चालवायला दुसऱ्या प्रकाशकाकडे दिले आणि डिसेंबर २०१२ चा २८५ वा अंक शेवटचा ठरला. त्यावर पुन्हा मातीचा मारिओ काढला होता. येथवर कुणाशी भांडण नाही. मासिके जन्मतात, मरतात.

भांडण आहे ते पुढचे. २०१६ साली 'इंटरनेट आर्काइव्ह' या सार्वजनिक संग्रहात पहिले जवळजवळ दीडशे अंक कुणी तरी पानन्‌पान उतरवून ठेवले होते. लोक ते मोफत वाचू लागले. बातमी फुटली आणि काही दिवसांतच कंपनीच्या हरकतीवरून ते सारे अंक तेथून काढून टाकावे लागले! बरे, ते अंक कंपनी स्वतः विकत होती का? नाही. स्वतः कुठे वाचायला ठेवले होते का? तेही नाही. मी छापणार नाही, विकणार नाही, आणि तुम्हांला वाचूही देणार नाही. याला मालकी म्हणावयाचे, की गोठ्यातल्या कुत्र्याची गवतावरची राखण?

कायदा कंपनीच्या बाजूचा आहे, हे आम्ही जाणतो. अमेरिकेत कंपनीच्या नावावरील अशा प्रकाशनाचा हक्क ९५ वर्षे चालतो. म्हणजे १९८८ चा पहिला अंक २०८४ साली मोकळा होईल. तो दहाव्या वर्षी वाचणारा मुलगा तेव्हा १०६ वर्षांचा असेल. कायद्याने त्याच्यासाठी चष्म्याची सोय केलेली दिसत नाही.

हे एकाच कंपनीचे पाप नव्हे. 'गेम इन्फॉर्मर' हे १९९१ पासूनचे अमेरिकन मासिक ऑगस्ट २०२४ मध्ये मालकांनी एका दिवसात बंद केले आणि त्याच दिवशी त्याच्या संकेतस्थळावरचे वर्षानुवर्षांचे लेख पुसून तेथे निरोपाची चिठ्ठी लावली. २०२५ साली दुसऱ्या मालकाने ते उठवले, लेखही परत आणले, हे नशीब. पण नशिबावर का ग्रंथालये चालतात? 'व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन' या संस्थेने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात मिळतच नाहीत असे आढळले. खेळ गेले; निदान त्यांची मासिके तरी? याच संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये दीड हजारांहून अधिक जुने अंक सर्वांना वाचायला खुले केले. काम थोड्या माणसांचे, आणि मालकांनी करावयाचे होते ते.

आपल्याकडे बालभारतीने 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक मोफत वाचायला ठेवले आहेत. 'किशोर'चे त्यामुळे काय बुडाले? नवा अंक आजही निघतो.

निन्टेन्डोपाशी आमचे मागणे फार नाही. एक पूर्ण संच एखाद्या ग्रंथालयास द्यावा आणि त्याची पाने वाचकांना पाहू द्यावीत. पुतण्याचे स्वतःचे अंक घर बदलताना त्याच्या आईने टाकून दिले. तो अजून जुन्या बाजारांत हिंडतो, कुणी विकावयास काढले की घेतो. त्याच्याकडे ७३ जमले आहेत. आमच्या स्नेह्यांना हे सांगितले तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. त्यांच्या माळ्यावर १९६२ पासूनचे दिवाळी अंक बांधून ठेवलेले आहेत आणि त्यांना हात लावायची घरात कुणाची छाती नाही.