कलादालनाचे बारा महिने

चार भिंती, चित्रे टांगण्याची सोय आणि वर दिव्यांची रांग एवढे असले की कलादालन झाले, असे मानले तर ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत दालनांचा दुष्काळ नाही. कापूरबावडीला ठाणे महापालिकेचे कलाभवन आहे. शाळांची, वाचनालयांची, मंडळांची सभागृहे आहेत आणि त्यांतल्या कुठल्या ना कुठल्या भिंतीवर वर्षभर चित्रे लागत असतात. पण भाड्याने मिळणारा हॉल वेगळा आणि कलादालन वेगळे. हॉलपाशी फक्त तारखांची वही असते. सोमवारी एकाची चित्रे उतरतात, मंगळवारी दुसऱ्याची चढतात, आणि मधल्या रात्री भिंतीला कशाचीच आठवण राहत नाही. दालनाला स्वतःचे वर्ष लागते: स्वतः निवडलेली प्रदर्शने, शाळांशी ठरलेले वार, जवळ राहिलेली चार-दोन चित्रे आणि या सगळ्याची नोंद.

या पट्ट्यात पुस्तकाला आणि नाटकाला घर आधी मिळाले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. ठाण्यात गडकरी रंगायतन 1978 साली उभे राहिले. पुढे घाणेकर नाट्यगृह, कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर झाले. चित्र मात्र लोकल पकडून मुंबईला गेले. 1853 मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यापर्यंत आली, दुसऱ्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले, आणि तेव्हापासून इथल्या हुशार हातांचा रस्ता ठरून गेला. शिकायला जे.जे. कलाशाळा, दाखवायला काळा घोडा. 1952 साली तिथे जहांगीर कलादालन उघडले. तिथली तारीख मिळायला आजही चित्रकाराला काही वर्षे थांबावे लागते. एवढे थांबून प्रदर्शन लागते तेव्हा चित्रकाराच्या गल्लीतले लोक ते पाहायला जातातच असे नाही. 2011 च्या जनगणनेत ठाणे शहराची वस्ती 18 लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची 12 लाखांवर होती. एवढ्या लोकांच्या चित्रकारांना आपला प्रेक्षक शोधायला मुंबईला जावे लागते, ही गोष्ट कोणाला खटकत नाही, कारण ती फार जुनी झाली आहे.

याचा अर्थ इथल्या घरांनी चित्र पाहिलेच नाही असा नव्हे. ते दिवाळी अंकातून घरात आले. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि साहित्याबरोबर चित्रही वर्षातून एकदा दारात येऊ लागले. दीनानाथ दलाल यांनी 1945 मध्ये ‘दीपावली’ सुरू केला. दलालांची आणि रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे अंक वाचून झाल्यावरही कपाटात जपली जात, कधी काचेत जाऊन भिंतीवर लागत. चाळीतल्या दोन खोल्यांत दुसरे कलादालन नव्हते. त्या चित्रांना समीक्षकांनी बराच काळ ‘कॅलेंडर’ म्हणून नाक मुरडले. पण रंगाचा ताजेपणा आणि रेषेची सफाई कशाला म्हणतात हे मराठी मध्यमवर्गाला ज्यांनी शिकवले त्यांत दलाल पहिल्या ओळीत येतात.

दिवाळीपासूनच दालनाचे वर्षही मोजायला हवे. पावसाची ओल जाते, हवा कोरडी होते, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे प्रदर्शनांचे खरे दिवस. याच दिवसांत निसर्गचित्रणाच्या सहली निघतात. तलावपाळी आणि कौपिनेश्वराचा कळस, येऊरची वाट, कल्याणचा दुर्गाडी आणि त्याखालची खाडी, काळा तलाव: या जागा इथल्या प्रत्येक जलरंगवाल्याने एकदा तरी कागदावर उतरवलेल्या असतात. उपवनचा कला महोत्सव आणि अंबरनाथचा शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हल थंडीच्या उतरणीला येतात. अंबरनाथचे शिवमंदिर 1060 सालचे. त्याच्या भिंतींवरची शिल्पे नऊशेहून जास्त वर्षे उघड्यावर आहेत, आणि महोत्सवाला आलेली गर्दी बहुधा गाणे ऐकून परतते. तिथे शिल्पांसमोर उभे राहून दहा मिनिटे बोलणारा माणूस ठेवणे हे दालनाचे काम आहे, मंचाचे नव्हे.

मग गुढीपाडवा येतो. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने 1999 मध्ये नववर्षाची शोभायात्रा सुरू केली आणि ती प्रथा बघता बघता महाराष्ट्रभर गेली. यात्रेच्या वाटेवरच्या रांगोळ्या, ठाण्यात गावदेवी मैदानावर रात्र जागून काढलेली महारांगोळी, ही या शहरांची सर्वांत जास्त पाहिली जाणारी चित्रे आहेत. आणि सर्वांत कमी टिकणारीही. त्यांचे आराखडे, रंगांची प्रमाणे, एवढ्या मोठ्या जागेवर चेहरा बेताने बसवण्यासाठी टाकलेल्या चौकटी हे सगळे दुसऱ्या दिवशी झाडूबरोबर जाते. एखाद्या दालनाने हे कागद मागून घेतले, तर मे महिन्याचे एक चांगले प्रदर्शन फुकटात तयार होईल.

मे हा शिबिरांचा महिना. त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पोरे येतात, रंग सांडतात, आयांच्या पिशव्यांत कागद जातात. जून लागल्यावर शाळांची बाजू सुरू होते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना राज्यभर मुले बसतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला 7, 5 किंवा 3 वाढीव गुण मिळतात, म्हणून चित्रकलेच्या क्लासांना गर्दी असते. गुणांसाठी आलेल्या मुलाला स्थिरचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन यांची घोटणी मिळते. खरे तैलचित्र हातभर अंतरावरून पाहायला मिळत नाही. ब्रशचा फटका कसा उठलेला असतो, जलरंगात कागदाचा पांढरा कुठे राखलेला असतो, हे छापील पानावर दिसत नाही. शाळेच्या वेळात, सकाळच्या दोन तासांत, वर्गच्या वर्ग आणून हे दाखवणे हा दालनाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित कार्यक्रम आहे.

पावसाळ्यात चित्रे लावणे जोखमीचे. हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते, कागद फुगतो, माउंटच्या आतून बुरशीचे ठिपके येतात, फ्रेमची मागची टेप सुटते. जलरंगावर 50 लक्सपेक्षा जास्त प्रकाश नको, हा संग्रहालयांचा नियम. आपल्याकडे मात्र फोटो चांगला यावा म्हणून चित्रावर हॅलोजन मारतात. ज्या दालनाला कोरडी कोठी आणि मंद दिवा परवडत नाही त्याने हे तीन महिने मातीच्या आणि बोलण्याच्या कार्यक्रमांना द्यावेत. माती तेव्हा आपोआपच हातात असते. कल्याणच्या गणपती कारखान्यांत आषाढापासून साचे उतरत असतात.

कल्याण-डोंबिवलीच्या मातीकामाचे सर्वांत मोठे नाव म्हणजे सदाशिव, अर्थात भाऊ साठे. दिल्लीत टाउन हॉलसमोरचा त्यांचा गांधीजींचा पुतळा 1954 चा, म्हणजे त्यांच्या अठ्ठाविसाव्या वर्षातला. गेटवे ऑफ इंडियासमोरचा अश्वारूढ शिवाजी 1961 चा. 2021 मध्ये ते गेले. डोंबिवलीतल्या त्यांच्या शिल्पालयात ब्राँझ होण्याआधीचे त्यांचे काम पाहता येते, आणि शिल्प शिकणाऱ्याला उघड्या चौकातल्या पूर्ण पुतळ्यापेक्षा तेच अधिक सांगते. अलिबागजवळ सासवण्याला विनायक करमरकरांच्या घराचे असेच संग्रहालय झाले आहे. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये भवानी संग्रहालय उभारले, तेव्हा संस्थान केवढे, तर काही तालुक्यांएवढे. तरी आज तिथे हेन्री मूर यांचे शिल्प आहे. संग्रह करायला शहर मोठे असावे लागत नाही.

ठाणे जिल्ह्याच्या बाबतीत तर संग्रहाचा प्रश्न जास्तच टोचतो. वारली चित्र हे मूळचे जुन्या ठाणे जिल्ह्याचे. लग्नाच्या चौकासाठी सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढायचे हे चित्र 1970 च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या नजरेतून बाहेर आले. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे ते कागदावर आणि कापडावर घेऊन परदेशी दालनांत गेले, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते वारले. 2014 मध्ये पालघर वेगळा जिल्हा झाला आणि डहाणू त्यात गेले. ठाण्यात वारली आज उड्डाणपुलांच्या खांबांवर आणि सोसायट्यांच्या फाटकांवर ठेक्याने रंगवलेले दिसते. पालघाट देवी कोण, चौकात तिला कुठे जागा, हे त्या खांबांवरून कळत नाही.

दालनाची वाढ मोजताना आकडे चुकीचे धरले जातात. प्रदर्शने किती, फिती किती कापल्या, पाहुणे कोण, हे अहवालात येते. त्याऐवजी अभिप्रायाच्या वहीत तेच नाव दुसऱ्यांदा कधी दिसले, कोणत्या शाळेचा वर्ग पुन्हा आला, कोणाचे पहिले चित्र इथेच विकले गेले, वर्षअखेरीस नोंदवहीत किती चित्रांची भर पडली, हे पाहावे. या नोंदवहीला खर्च नाही. फक्त ती कोणीतरी रोज भरावी लागते, आणि बदली झाल्यावर पुढच्याच्या हाती द्यावी लागते.

एक साधी अडचण वेळेची. दालने सर्वसाधारणपणे सकाळी अकराला उघडतात आणि संध्याकाळी सातला बंद होतात; ही मुंबईच्या फोर्टची वेळ आहे, जिथे प्रेक्षक कचेरीतून उतरून येतो. डोंबिवलीचा नोकरदार सकाळी आठच्या आत गाडीत असतो आणि रात्री आठच्या सुमारास परत फलाटावर उतरतो. त्याच्यासाठी दालन आठवड्यातले निदान दोन दिवस दुपारी तीनला उघडून रात्री साडेनऊला बंद व्हायला हवे, आणि ते स्टेशनपासून रिक्षा न करता गाठता यायला हवे.