पुढे कोणी चालावे?

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते, असे विचारताच तुम्ही उत्तर द्याल : कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर आहे, हेही तुम्हांस पाठ असेल. अकोले तालुक्यातील हे शिखर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते. राज्य शासनाने १९८६ साली हे अभयारण्य घोषित केले. पायथ्याच्या बारी गावातून वर जाणारी पाऊलवाट चांगली रुळलेली आहे. सुट्टीच्या दिवशी आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे कुटुंब त्या वाटेने चढताना दिसते. घरातील माणसांनी एकत्र डोंगर चढावा, याहून निर्मळ करमणूक ती कोणती? परंतु अशा वेळी सर्वांच्या पुढे कोणी चालावे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही.

माझे मत असे की, ज्याचे पाऊल सर्वांत सावकाश पडते, त्याने पुढे चालावे. आणि ज्याच्या अंगी सर्वांत अधिक बळ आहे, त्याने शेवटी राहावे.

हे ऐकून तुम्हांस हसू येईल. पण नेहमी काय घडते ते पाहा. थोरला भाऊ उड्या मारीत पुढे जातो. आजी धाकट्या नातीचा हात धरून हळूहळू मागून येते. पुढे गेलेली मंडळी झाडाच्या सावलीत बसतात, पाणी पितात, गप्पा मारतात. आजी धापा टाकीत तेथे पोहोचते, तोच ती म्हणतात, “आलीस का? चला तर मग!” आणि उठून चालू लागतात. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना ती भरपूर मिळाली, आणि जिला गरज होती तिच्या वाट्याला ती आलीच नाही. याला न्याय कसा म्हणावा?

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. कळसूबाईच्या वाटेवर उभ्या कड्यांशी लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. पावसाळ्यात खडक निसरडे होतात आणि धुके इतके दाटते की दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. अशा ठिकाणी मागे एकट्या पडलेल्या लहान मुलाचा पाय घसरला, तर पुढे गेलेल्यांना ते कळणार तरी कसे? बळकट माणूस शेवटी असला, म्हणजे सर्वजण त्याच्या नजरेसमोर राहतात.

तिसरी गोष्ट पाहण्याची. धावणाऱ्याला वाट तेवढी दिसते. डोंगर दिसतो तो सावकाश चालणाऱ्याला. पायाखालचा काळा खडक हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहून आलेल्या लाव्हाचा आहे. उतारावर वाढणारी कारवी साधारणपणे सात वर्षांतून एकदा फुलते. खाली प्रवरा नदीवरील भंडारदऱ्याचा जलाशय चकाकतो, तर पश्चिमेकडे अलंग, मदन आणि कुलंग हे तीन दुर्ग खांद्याला खांदा लावून उभे दिसतात. हे सारे पाहावयास थांबावे लागते. मुलांना थांबविणे कठीण असते. आजी पुढे असली, म्हणजे ते आपोआप साधते.

कोणी म्हणेल, “अशाने चपळ मुलांचा विरस होईल, आणि कदाचित शिखर गाठण्यापूर्वीच परतावे लागेल.” हा आक्षेप अगदीच खोटा नाही. चपळ पायांना आवर घालणे सोपे नव्हे. परंतु त्यांना कामे काय थोडी आहेत? पाण्याची पिशवी त्यांनी वाहावी, शिडीवर धाकट्यांना आधार द्यावा, वाटेत कोणी टाकलेला कागद वा बाटली उचलून खाली आणावी. अभयारण्य हे पशुपक्ष्यांचे घर आहे; तेथे केर टाकणे किंवा आरडाओरडा करणे पाहुण्यास शोभत नाही. राहिला शिखराचा प्रश्न. पहाटे लवकर निघावे, म्हणजे बहुधा सर्वांनाच तेथे पोहोचता येते. तरीही कोणी थकलेच, तर सर्वांनी आनंदाने परतावे. कोट्यवधी वर्षांचा तो खडक पुढच्या सुट्टीपर्यंत कोठे पळून जाणार आहे?

शर्यतीत सर्वांत पुढे असणाऱ्याचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु कुटुंब म्हणजे शर्यत नव्हे. तुम्ही रांगत होता, तेव्हा घरातील मोठी माणसे तुमच्या पावलाने चालली. ती पुढे निघून गेली असती, तर तुम्ही चालावयास शिकलाच नसता. आता तुमच्या पायांत बळ आले आहे. तेव्हा पुढच्या सहलीत आजीला सांगा, “आजी, तू पुढे हो; आम्ही तुझ्या मागून येतो.”