बोंब तेलाच्या नावाने, डल्ला तिकिटांवर

इंग्लिश फुटबॉल पैशाने नासवलं, ही ओरड खरी आहे. ती कोण करतंय हे पाहिलं की मात्र माझं डोकं फिरतं. मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल यांची मंडळी गळा काढतात की २००८ साली अबुधाबीच्या शेख मन्सूरने मँचेस्टर सिटी विकत घेतला आणि स्पर्धेचा जीव गेला. २०१८ ते २०२४ या सात हंगामांतली सहा विजेतेपदं सिटीने नेली, त्यामुळे दुखणं कळतं. त्याआधी २००३ मध्ये रोमान अब्रामोविचने चेल्सीत पैसा ओतला, नंतर २०२१ मध्ये सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीने न्यूकॅसल घेतला. हे तिघे दरोडेखोर, आणि आपण म्हणे घाम गाळून मोठे झालो! अहो, शेख दारात येण्याच्या पंचवीस वर्षं आधी हे घर तुम्हीच लुटलं होतंत.

जुना हिशेब काढू. १९६० ते १९७२ या तेरा हंगामांत इंग्लंडला दहा वेगवेगळे विजेते मिळाले. त्यात लोकवस्ती लाखाच्याही आत असलेलं बर्नली होतं. पहिल्या श्रेणीत पहिल्यांदाच पाऊल ठेवून त्याच वर्षी, १९६२ मध्ये, लीग जिंकणारं इप्सविच होतं, डर्बी होतं. पुढे १९७८ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने वरच्या श्रेणीत आल्या आल्या विजेतेपद मारलं आणि १९७९, १९८० अशी लागोपाठ दोन वर्षं युरोपियन कप घरी नेला. तो काळ सोन्याचा होता असं कुणी सांगू लागलं तर मीच त्याला अडवीन, कारण १९७३ ते १९९० या अठरा हंगामांत लिव्हरपूलने अकरा वेळा लीग जिंकली. पण तेव्हा लिव्हरपूलला हरवायचं तर फॉरेस्टच्या ब्रायन क्लफसारखा डोकेबाज मॅनेजर पुरेसा होता. आज क्लफ लागतो आणि त्याच्या मागे एखादं तेलसंपन्न राष्ट्रही लागतं. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली. तिच्या पहिल्या तेहतीस हंगामांत विजेते झाले ते अवघे सात क्लब.

हा फरक आभाळातून पडलेला नाही. १९८३ पर्यंत इंग्लिश लीगमध्ये साधा रिवाज होता: यजमान क्लबने तिकिटांच्या उत्पन्नातला वीस टक्के वाटा पाहुण्या संघाला द्यायचा. युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर पन्नास हजार माणसं येतात ती समोर कुणीतरी खेळायला उभं असतं म्हणून, एवढी अक्कल त्यामागे होती. टीव्हीचा पैसा चारही श्रेणींतल्या ९२ क्लबांत सारखा वाटला जाई. मग मोठ्यांना वाटलं, आपल्या गर्दीवर हे भिकारी का जगतात? १९८३ मध्ये तिकिटांचा वाटा गेला. त्याच वर्षी टॉटनहॅमने होल्डिंग कंपनी काढून शेअर बाजार गाठला. क्लबमधून मालकांनी नफा ओरबाडू नये म्हणून फुटबॉल असोसिएशनने घातलेली जुनी बंधनं त्या पळवाटेने निकालात निघाली आणि असोसिएशन बघत बसली. १९८५ च्या अखेरीस टीव्हीच्या पैशातला अर्धा वाटा पहिल्या श्रेणीने काढून घेतला. तेवढ्यानेही पोट भरेना, तेव्हा युनायटेड, लिव्हरपूल, एव्हर्टन, आर्सेनल आणि टॉटनहॅम या पाच जणांनी पुढाकार घेऊन सगळी पहिली श्रेणीच लीगमधून उचलून बाहेर नेली. सामने कमी होतील, राष्ट्रीय संघाचं भलं होईल, संघ अठरावर येतील अशी आश्वासनं दिली. आजही संघ वीस आहेत. राष्ट्रीय संघाचं काय भलं झालं, ते १९६६ नंतरचे विश्वचषक मोजणाऱ्यांना विचारा.

वाटणी बंद झाली की छोट्याला वर जायचा एकच रस्ता उरतो, मालदार मालक. ब्लॅकबर्नचं उदाहरण मला जवळचं आहे, ते का ते पुढे येईलच. १८८८ मध्ये ज्या बारा क्लबांनी लीग स्थापन केली त्यांतला हा एक. पोलादाच्या धंद्यात गब्बर झालेल्या जॅक वॉकर या गावच्याच माणसाने पैसा ओतला, केनी डॅलग्लिशला मॅनेजर केलं, ॲलन शिअररला आणलं आणि १९९५ मध्ये क्लबने प्रीमियर लीग जिंकली. विकतचं विजेतेपद म्हणून तेव्हाही नाकं मुरडली गेली. नाकं मुरडणाऱ्यांनीच दुसरे सगळे दरवाजे बंद केले होते, हे कुणी बोललं नाही.

वॉकर २००० मध्ये गेले. २०१० मध्ये हा क्लब आपल्या पुण्याच्या, कोंबड्यांच्या धंद्यातल्या वेंकीजने २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. महिनाभरात त्यांनी सॅम ॲलरडाइससारखा मुरलेला मॅनेजर घालवला. मे २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला, आणि त्या सामन्यात प्रेक्षकांनी ब्लॅकबर्नचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. २०१७ मध्ये तर हंगामापुरतं तिसऱ्या श्रेणीत जावं लागलं. वेंकीजने खिशातून अफाट पैसा घातला, हे नाकारता येणार नाही. पण गेल्या काही वर्षांत ईडीच्या चौकशीमुळे तो पैसा पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली. लँकेशरमधल्या गावचा सव्वाशे वर्षांहून जुना क्लब, आणि त्याची तिजोरी दिल्लीतल्या तारखांवर अवलंबून! मालकाच्या मर्जीवर चालणारं फुटबॉल म्हणजे हेच. कुणाच्या नशिबी शेख येतो, कुणाच्या नशिबी कुक्कुटपालन.

आता या रोगावरचं औषध बघा. तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा करायचा नाही, असा प्रीमियर लीगचा नियम. तो मोडला म्हणून एव्हर्टनला आठ महिन्यांत चौकशी उरकून दहा गुणांचा दंड झाला, अपिलात तो सहावर आला, पुढे आणखी दोन गुण कापले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गेले. सिटीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभराहून अधिक आरोप ठेवले. सिटीला ते सगळे अमान्य आहेत, आणि सुनावणी सुरू व्हायलाच २०२४ चा सप्टेंबर उजाडला. चेल्सीने आपल्याच मैदानाशेजारची दोन हॉटेलं आपल्याच भावंड कंपनीला ७ कोटी ६५ लाख पौंडांना विकली आणि ताळेबंद गुटगुटीत केला. लीगने तो व्यवहार मान्यही केला. ज्याच्याकडे विकायला हॉटेल नाही त्याने गुण विकावेत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लबांनी नवी शक्कल काढली: २०२६-२७ पासून संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसवायचा. युरोपात खेळणाऱ्यांना युएफा या युरोपियन फुटबॉल संघटनेची ७० टक्क्यांची मर्यादा आहेच. ऐकायला काय शिस्तशीर! ज्याचं उत्पन्न ७० कोटी पौंड, त्याने ४९ कोटी खर्चायचे. ज्याचं १५ कोटी, त्याने पावणेतेरा कोटींत भागवायचं. पंगतीत एकाच्या पानात चाळीस लाडू वाढायचे, दुसऱ्याच्या पानात चार, आणि मग दोघांनाही बजावायचं की पानातलं सगळं खाऊ नका हं, हावरटपणा वाईट. वाढप्याला कुणी काही विचारायचं नाही. सगळ्यात तळाच्या क्लबच्या टीव्ही उत्पन्नाला सगळ्यांच्या खर्चाची कमाल मर्यादा बांधून टाकावी, असाही प्रस्ताव त्याच बैठकीत होता. मोठ्यांच्या पानाला खरोखर हात लावणारी तेवढीच एक गोष्ट, आणि नेमकी तीच फेटाळली गेली.

इथे कुणीतरी लेस्टरचं नाव काढणार. २०१६ मध्ये ५००० ला एक भावाचा संघ लीग जिंकला, मग कसली विषमता? त्याला विचारा, पुढे काय झालं. त्या संघातला कान्ते चेल्सीला गेला, महारेझ सिटीला गेला, २०२३ मध्ये लेस्टर खाली गेला, वर आला आणि २०२५ मध्ये पुन्हा गेला. २०२३-२४ मध्ये वर आलेले तिन्ही संघ त्याच वर्षी खाली गेले, २०२४-२५ मध्येही तेच. साउदम्प्टनने ३८ सामन्यांत १२ गुण मिळवले आणि तळाला राहूनही लीगकडून १० कोटी पौंडांच्या वर रक्कम नेली. शिवाय खाली गेलेल्याला तीन वर्षांपर्यंत ‘पॅराशूट’ची रक्कम मिळते, म्हणजे दुसऱ्या श्रेणीतली स्पर्धाही नासते. तिथला प्रामाणिक क्लब या पैशाशी बरोबरी करायला कर्ज काढतो आणि बुडतो. २०१९ मध्ये त्याहून खालच्या श्रेणीतल्या बरी या क्लबला लीगमधून हाकललं गेलं तेव्हा त्याच्या इतिहासाला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली होती.

आणि या सगळ्यात आपणही आहोत. पुण्या-मुंबईत मध्यरात्र उलटेपर्यंत जागून सामने बघणाऱ्यांचा पैसाही त्याच तिजोरीत पडतो. परदेशी प्रक्षेपणाचं हे उत्पन्न २०१९ पर्यंत वीस क्लबांत सारखं वाटलं जायचं. युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल, सिटी, चेल्सी आणि टॉटनहॅम या सहा बड्यांनी हट्ट धरला आणि वाढीव पैसा क्रमवारीप्रमाणे वाटायचं ठरलं. शेवटची समान थाळीही मोडली, आणि त्या वेळी तेलाविरुद्ध बोलणारे तीन क्लब आणि तेलवाला सिटी एकाच बाकावर बसले होते.

म्हणून खर्चाला लगाम घालायच्या गप्पा मला पटत नाहीत. वाटणी परत आणा. तिकिटांतले वीस टक्के पाहुण्यांना द्या. चॅम्पियन्स लीगच्या कमाईतला मोठा हिस्सा वीसही क्लबांत वाटा. पॅराशूट गुंडाळून तो पैसा खालच्या श्रेणींना सरसकट द्या. २०२५ च्या कायद्याने आलेल्या स्वतंत्र नियामकाला प्रीमियर लीग आणि खालच्या श्रेणींची लीग यांच्यातली वाटणी शेवटी आपल्या हातात घ्यायचा अधिकार आहे; तो शोभेला ठेवू नका. तिकिटांचा वाटा मात्र क्लबांनाच मतदानाने आणावा लागेल. त्याला वीसपैकी चौदा मतं लागतात, आणि बडे सहाच आहेत. उरलेल्या चौदा जणांनी स्वतःला मोजून तरी बघावं.

बडे धमकी देतील, आम्ही निघून जाऊ. एप्रिल २०२१ मध्ये या सहा जणांनी वेगळ्या युरोपियन सुपर लीगची घोषणा करून ते करून पाहिलं. चेल्सीच्याच प्रेक्षकांनी स्टॅमफर्ड ब्रिजबाहेर त्यांच्याच संघाची बस अडवली आणि दोन दिवसांत सहाही जण शेपूट घालून परत आले. समोर खेळायला दुसरा संघ लागतो, हे तेव्हा त्यांना प्रेक्षकांनी शिकवलं. पुढच्या वेळी धमकी आली तर कुणी त्यांची मनधरणी करू नये. दार उघडं धरावं आणि जाताना १९८३ पासूनची थकबाकी मागावी.