चिरंजीवांना मुभा

संस्कार बुडाले, अशी हाकाटी दिल्लीत दर दोन-चार महिन्यांनी नव्याने उठते. कधी मेट्रोच्या डब्यात एखादे जोडपे गळ्यात गळे घालून बसलेले असते, कधी गुरुग्रामच्या एखाद्या सोसायटीत लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या भाडेकरूंवरून रण माजते. चित्रफीत गावभर फिरते, वाहिन्यांवर चार जण तावातावाने बोलतात आणि चर्चा ठरल्याप्रमाणे पोरींच्या कपड्यांवर येऊन टेकते. या सगळ्या गदारोळात घरातल्या चिरंजीवांचे नाव मात्र कुणी काढत नाही.

सप्टेंबर २००८ मध्ये द्वारकेतल्या मेट्रो स्थानकाजवळ, खांबापाशी बसलेल्या एका जोडप्यावर पोलिसांनी अश्लील वर्तनाचा गुन्हा दाखल केला. दोघे चुंबन घेत होते आणि त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाईट वाटत होते, असे पोलिसांनी कागदावर नोंदवले. दोघे रीतसर लग्न झालेले नवरा-बायको होते. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्या. एस. मुरलीधर यांना २००९ मध्ये त्यात अश्लील असे काही आढळले नाही, ही गोष्ट निराळी. त्याच सप्टेंबरच्या अखेरीस सौम्या विश्वनाथन ही वृत्तवाहिनीतली पत्रकार रात्री उशिरा काम आटोपून आपल्या गाडीने वसंत कुंजकडे निघाली असताना तिचा गोळी घालून खून झाला. इतके धाडस करू नये, अशा अर्थाचे उद्गार तेव्हाच्या मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी काढले. नवऱ्याशेजारी बसली तर गुन्हा, एकटी निघाली तर आगाऊपणा!

मोकळीक खरोखर कुणी उपभोगली, हे पाहायचे तर एप्रिल १९९९ मधल्या एका रात्रीकडे वळावे. मेहरौलीच्या टॅमरिंड कोर्ट या उपाहारगृहात बार बंद झाला आहे, दारू मिळणार नाही, एवढे ऐकून घेणे मनू शर्माला जमले नाही आणि त्याने जेसिका लाल या तरुणीला गोळी घातली. मनू हा तेव्हाचे काँग्रेस नेते विनोद शर्मा यांचा मुलगा. पुरावा नाहीसा केल्याबद्दल याच प्रकरणात पुढे ज्याला शिक्षा झाली तो विकास यादव, उत्तर प्रदेशातले बाहुबली पुढारी डी. पी. यादव यांचा मुलगा. विकास जामिनावर सुटला. फेब्रुवारी २००२ मध्ये गाझियाबादच्या एका लग्नसमारंभातून त्याने आणि त्याचा चुलतभाऊ विशालने नीतीश कटारा या तरुणाला गाडीतून नेले आणि ठार मारले. नीतीशचे विकासच्या बहिणीशी सूत जुळले होते आणि ते या भावांना खपले नव्हते.

हा तपशील सावकाश वाचण्यासारखा आहे. एका तरुणीच्या खुनाचा पुरावा दडपल्याच्या आरोपातून जामिनावर सुटलेला इसम बहिणीच्या चारित्र्याचा राखणदार होतो आणि त्याला त्यात काही विपरीत वाटत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने नीतीशच्या हत्येला प्रतिष्ठेपायी झालेला खून म्हटले. घराण्याची ही प्रतिष्ठा टॅमरिंड कोर्टच्या भानगडीत गेली नव्हती. बहिणीने आपल्या मनाने जोडीदार पाहिला तेव्हा मात्र ती धोक्यात आली. मनूचीही तऱ्हा तीच. २००९ मध्ये त्याला पॅरोल मिळाला, त्यासाठी दिलेल्या कारणांत आईचे आजारपण होते. चिरंजीव दिसले दिल्लीतल्या नाइट क्लबात. बभ्रा झाल्यावर मुकाट्याने तिहारला परतावे लागले.

ही बड्यांची थेरं म्हणून हात झटकता येत नाहीत. नोएडा-इंदिरापुरममधल्या कुठल्याही सोसायटीच्या फाटकाशी संध्याकाळी तासभर थांबावे. भाड्याने राहणाऱ्या नोकरदार मुलींकडे कोण आले, किती वाजता आले, कधी गेले, याची वहीत नोंद होते. फ्लॅट 'फॅमिली'लाच द्यायचा, हा अलिखित नियम. त्याच फाटकातून दहावीतले पोर बापाची थार घेऊन भरधाव बाहेर पडते, आणि रखवालदार आडवा दांडा वर उचलून सलाम ठोकतो. त्याची नोंद कुठल्या वहीत नाही. एप्रिल २०१६ मध्ये सिव्हिल लाइन्स भागात मर्सिडीजखाली एकाचा बळी गेला, तेव्हा गाडी चालवणाऱ्याला अठरा पूर्ण व्हायला अवघे काही दिवस बाकी होते. किल्ली त्याला पाश्चात्त्य संस्कृतीने दिली नव्हती.

आणि जुन्या काळी घरे कशी सोवळी होती म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी २०११ च्या जनगणनेचे आकडे जरूर पाहावेत. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे दिल्लीत ८७१ मुली होत्या. राजधानी क्षेत्रातच मोडणाऱ्या हरियाणातल्या झज्जर जिल्ह्यात तर ८०० सुद्धा नव्हत्या. लग्नाविना राहणाऱ्या जोडप्यांनी हा हिशेब बिघडवलेला नाही. पत्रिका जुळवून, वऱ्हाड जेवू घालून, वडीलधाऱ्यांच्या पाया पडून मांडलेल्या संसारांतला हा हिशेब आहे. चिरंजीवांची वाट पाहण्यापासूनच त्यांचे लाड सुरू होतात.

दिल्लीकरांना नावे ठेवण्याची सोय आपल्यालाही उरलेली नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शने दोघांना चिरडल्यावर अल्पवयीन आरोपीला काही तासांत जामीन मिळाला, आणि अटींपैकी एक होती ३०० शब्दांचा निबंध. मद्यप्राशन लपवण्यासाठी रक्ताचा नमुना बदलून त्या जागी आईचे रक्त दिले, असा पोलिसांचा आरोप आहे. आई-बाप दोघांनाही अटक झाली. मुलासाठी रक्ताचे पाणी करणाऱ्या माउल्या मराठीला ठाऊक होत्या. आरोप शाबित झाला तर रक्ताचा हा नवा उपयोगही नोंदवून ठेवावा लागेल.

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ घालण्यात आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. आपल्याला यातले काही ठाऊक नव्हते, किंवा आपण पोराला अडवायचा पुरेसा प्रयत्न केला होता, हे सिद्ध करण्याचे ओझेही पालकावरच. मुलीने सातच्या आत घरात यावे, हा नियम करायला घरांना संसदेची गरज कधी पडली नव्हती.