शाळा जोडता, पण कशासाठी?

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव राज्याच्या शिक्षण विभागाने सप्टेंबर २०२३ मध्ये मागवले. पानशेत आणि तोरणमाळचा दाखला दिला गेला. तेव्हापासून वाड्या-वस्त्यांवर ‘आपली शाळा जाते की राहते’ ही धास्ती आहे. शाळा जोडण्याचा उद्योग आपणच पहिल्यांदा करतोय असं मात्र नाही. इंग्लंडातल्या एका बाजारगावची हकिकत यानिमित्ताने सांगण्यासारखी आहे.

ऑक्सफर्ड परगण्यात थेम नावाचं गाव आहे. भोवती शेतीचा मुलूख, मंगळवारी आठवडे-बाजार. तिथले सरदार लॉर्ड विल्यम्स १५५९ मध्ये वारले, त्यांच्या मृत्युपत्रातल्या पैशातून शाळा निघाली. चर्चजवळची तिची जुनी इमारत आजही उभी आहे. शाळा ‘ग्रामर’, म्हणजे लॅटिन व्याकरणाची, आणि फक्त मुलग्यांची. राजाची जहाजपट्टी भरायला नकार देणारा जॉन हॅम्डन इथलाच विद्यार्थी. एकोणिसाव्या शतकात मात्र उतरती कळा लागली. पोरं जवळपास उरलीच नाहीत, मास्तरांचा पगार तेवढा चालू! (आपल्याकडे असं कधी घडलंच नाही, असं कोण म्हणेल?) १८७९ मध्ये शाळा नव्या जागेत गेली.

खरा पेच १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतरचा. फी गेली, पण अकराव्या वर्षी परीक्षेची चाळण आली. वर राहिला तो ग्रामर शाळेत, खाली पडलेली बहुतेक पोरं ‘सेकंडरी मॉडर्न’मध्ये. देशात साधारण पाचातलं एक पोर वर जाई. एका घरातली दोन भावंडं दोन शाळांत, आणि एकाच्या कपाळी अकराव्या वर्षीच नापासाचा शिक्का. थेमच्या या शाळेत तर मुलगी कितीही हुशार असो, तिला दार बंदच.

१९६५ मध्ये मजूर पक्षाचे शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी परिपत्रक काढून सर्वांसाठी एकच शाळा करण्याच्या योजना मागवल्या. १९७० मध्ये मार्गारेट थॅचर त्या खात्यावर आल्या नि ते परिपत्रक मागे घेतलं, तरी त्यांच्याच कारकिर्दीत अशा पुष्कळ योजना मंजूर झाल्या. १९७१ मध्ये थेमची ग्रामर शाळा आणि गावातलीच वेनमन शाळा एक झाली. मुलंमुली एकत्र आली, चाळण गेली, नाव तेवढं लॉर्ड विल्यम्सचं राहिलं. या बदलावर तिकडे आजही एकमत नाही, इंग्लंडात १६३ ग्रामर शाळा अजून चालू आहेत.

पण एक फरक डोळ्यांत भरतो. थेममध्ये दोन शाळा जोडल्या त्या गावातल्या गावात, आणि दार रुंद करण्यासाठी. आपल्याकडे हिशेब पटाचा आहे. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हा शिक्षणहक्काचा नियम. मग समूह शाळेची गाडी वस्तीपर्यंत येणार का? ओढ्याला पाणी आलं तर काय? गाडी बंद पडली त्या दिवशी सहा वर्षांच्या पोरीला कोण नेणार? जिल्हा परिषदेने प्रस्ताव पुढे पाठवण्याआधी याची उत्तरं लेखी घेऊन ग्रामसभेत यावं.