पोलिसांची चौकशी पोलिसांकडून नको

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतापलेली वस्ती पूर्व द्रुतगती महामार्गावर उतरली आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जणांचा जीव गेला. जमाव गॅसचा टँकर पेटवायला निघाला होता, असे पोलिसांनी सांगितले. चार दिवसांनी मुलुंडचे शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले.

गोळ्या झाडणारे दल सरकारचे, पंचनामा सरकारचा आणि टँकरची हकीकतही सरकारचीच. अशा वेळी वस्तीतल्या माणसाचे म्हणणे कुठे नोंदवायचे? ते नोंदवणाऱ्यांत ‘ह्यूमन राइट्स वॉच’ ही न्यूयॉर्कची संस्था होती. दलितांवरील अत्याचारांविषयीच्या तिच्या १९९९च्या ‘ब्रोकन पीपल’ या अहवालात रमाबाई नगर सविस्तर आले. घाटकोपरचा गोळीबार जगासमोर गेला. चौकशीसाठी नेमलेल्या न्या. गुंडेवार आयोगानेही गोळीबार असमर्थनीय ठरवून उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्यावर ठपका ठेवला. त्यांना सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २००९मध्ये, बारा वर्षांनी. पुढे उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला.

‘ह्यूमन राइट्स वॉच’सारख्या संस्थांना ना अटकेचा अधिकार, ना शिक्षेचा. त्यांचे बळ एकच: ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या मर्जीवर त्यांची नोंद अवलंबून नसते. त्यामुळे ‘परदेशी संस्थांनी आमच्या घरात डोकावू नये’ हा आक्षेप आम्हाला मान्य नाही. हीच संस्था ग्वांतानामोच्या तुरुंगावरून अमेरिकी सरकारलाही धारेवर धरत आली आहे. ‘ॲम्नेस्टी’ या मानवी हक्क संस्थेची बँक खाती गोठवल्यानंतर २०२०च्या सप्टेंबरमध्ये तिला भारतातील काम थांबवावे लागले. हिशेबात काही चूक असेल तर ती न्यायालयात सिद्ध करावी. काम बंद पडल्याने नुकसान होते ते ज्यांची तक्रार कोणी ऐकत नाही त्यांचे.

अर्थात पहारेकऱ्यावरही पहारा हवा. ज्या सौदी उद्योजकाच्या कंपनीतील कामगारांच्या छळाची नोंद आपणच केली होती, त्याच्याकडून ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने अटी घातलेली देणगी घेतली, २०२०मध्ये चूक कबूल करून पैसे परत केले. सरकारांकडून पैसे न घेणे पुरेसे नाही, धनिकांच्या पैशालाही तोच नियम लागला पाहिजे. पण अशी एक चूक दाखवून संस्थेचे सगळे अहवाल मोडीत काढणे म्हणजे रमाबाई नगरच्या साक्षीदारांना पुन्हा गप्प बसवणे.

मग आपले स्वतःचे आयोग काय करतात? १९९३च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने राष्ट्रीय आयोग आला. महाराष्ट्राचा आयोग २००१मध्ये सुरू झाला. पण याच कायद्याचे कलम ११ राष्ट्रीय आयोगाची तपास शाखा पोलीस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या हाती देते. कोठडीत माणूस मेला की चौकशीला येणारा माणूस खाकीतलाच! राष्ट्रीय आयोगांचे जागतिक मूल्यमापन करणाऱ्या मंडळाने २०२३ आणि २०२४मध्ये आपल्या आयोगाच्या मानांकनाचा निर्णय लांबणीवर टाकला. त्यामागे तपासातील पोलिसांच्या सहभागाचाही आक्षेप होता. त्यात कलम ३६ म्हणते, घटनेला वर्ष उलटले की आयोगाला चौकशी करता येणार नाही. ज्या प्रकरणात सत्र न्यायालयाच्या निकालालाच बारा वर्षे लागली, त्या रमाबाई नगरच्या रहिवाशांना हे वर्ष कसे पुरावे?

एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने या वस्तीचा पुनर्विकास हाती घेतला आहे. इमारती उभ्या राहतील आणि गोळ्या लागल्या त्या गल्ल्या नकाशावरूनही जातील. त्याआधी संसदेने कलम ११ बदलून राष्ट्रीय आयोगाला पोलीस दलाबाहेरचे तपास अधिकारी द्यावेत, कलम ३६मधली एका वर्षाची मुदत कोठडीतील मृत्यू आणि पोलीस गोळीबारासाठी काढून टाकावी. महाराष्ट्राच्या खासदारांनी ही मागणी लावून धरायला हवी, घाटकोपर आणि मुलुंड ज्यांच्या मतदारसंघात येतात त्यांनी सर्वांत आधी.