'कार्ड गेलंय' म्हणण्याआधी

सांगलीत माझं दुकान आहे. पूर्वी पाटीवर 'टीव्ही, टेप, रेडिओ' लिहिलेलं होतं, आता 'कॉम्प्युटर, लॅपटॉप, गेमिंग पीसी' आहे. पाटी बदलली, काम बदललेलं नाही. पडद्याकडे बघायचं आणि मशीनच्या पोटात काय बिघडलंय ते ओळखायचं. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर मधोमध एकच आडवी पांढरी रेघ उरली, की मागचं झाकण न उघडता सांगता यायचं, व्हर्टिकलचा आयसी गेला. मुंग्या दिसल्या तर अँटेना, नाहीतर ट्यूनर. आयटीआयमध्ये आमचे सर आधी पडदा वाचायला शिकवायचे, सोल्डरिंग गन हातात नंतर यायची.

गेमिंग कॉम्प्युटरचा पडदाही तितकाच बोलका आहे. पण त्याचं कुणी ऐकून घेत नाही. गेम खेळताना चित्र फाटलं, चौकटी आल्या, पडदा काळा झाला, की बहुतेक दुकानांत निकाल दोनच. 'विंडोज मारावी लागेल', म्हणजे नव्याने टाकावी लागेल, किंवा 'कार्ड गेलंय', म्हणजे ग्राफिक्स कार्ड. हे अडाणीपणातून होतं असं मला वाटत नाही. आमच्या धंद्यात भरपूर हुशार पोरं आहेत. खरं कारण हिशेबाचं आहे. विंडोज मारल्याचे पैसे मिळतात, नवीन कार्ड विकलं की मार्जिन मिळतं. बिघाड शोधण्यात गेलेल्या दोन तासांचे कुणी काही देत नाही. मग दोन तास कोण घालवणार?

मागच्या वर्षी इस्लामपूरहून एक वडील मुलाला घेऊन आले. मुलगा इंजिनीअरिंगला. गेम सुरू केल्यावर थोड्या वेळाने पडदा काळा, कार्डाचे पंखे एकदम विमानतळ डोक्यावर घेतल्यासारखे, आणि मशीन रीस्टार्ट केल्याशिवाय चित्र परत येत नाही. एका दुकानाने कार्ड गेल्याचं सांगून नव्याचा दर दिला होता, तिशीच्या घरातला. वडिलांचा सातबारा मोठा नव्हता, हे त्यांच्या बोलण्यावरूनच कळत होतं. मी मशीन उघडलं. कॅबिनेटबरोबर 'फ्री' आलेला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, वर स्टिकर ४५० वॉटचा, वजन मात्र हातात घेतल्यावर वडापावच्या पुडीएवढं. कार्डाला आठ पिनांची वायर हवी होती, ती जुन्या हार्ड डिस्कच्या वायरीला जोडपिन लावून काढलेली.

आता साधं गणित बघा. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॉटपर्यंत देतो. सहा पिनांच्या वायरीचं माप आणखी ७५, आठ पिनांचं १५०. ही मापं ठरलेली आहेत, पण वायरीच्या दुसऱ्या टोकाला तेवढी ताकद असली तर. शिवाय कार्ड एकसारखा करंट ओढत नाही. गेममध्ये स्फोट झाला, गर्दीचा देखावा आला, की क्षणभर सरासरीच्या कितीतरी वर झेप घेतं. हलका एसएमपीएस तिथे मान टाकतो. डेस्कटॉपवर सगळं ठीक, गेममध्ये काळोख आणि पंखे फुल्ल, ही लक्षणं दिसली की कार्डाच्या आधी मी वीज कुठून येते ते बघतो. दुकानातला दुसरा एसएमपीएस लावून गेम चालवला. संध्याकाळपर्यंत मुलगा खेळत बसला होता, चित्र एकदाही गेलं नाही.

कार्डावर आरोप ठेवण्याआधी काही गोष्टी घरच्या घरीही करता येतात. पडद्यावर चट्टेपट्टे दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून बघा. त्याच मॉनिटरवर बघाल तर फसाल. मोबाइलवरही चट्टे दिसले तर चित्र तयार होतानाच बिघडलंय. तिथे कार्ड, ड्रायव्हर, गेम यांची चौकशी. मोबाइलवर चित्र स्वच्छ असेल तर बिघाड त्याच्या पुढे, म्हणजे केबल, पोर्ट किंवा मॉनिटर. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला जुनी एचडीएमआय केबल लावून चमचमणाऱ्या ठिपक्यांची तक्रार घेऊन येणारे कमी नाहीत. दुसरी परीक्षा याहून सोपी. मशीन चालू होताच बायोसमध्ये जा. तिथेच रंगीत चौकटी दिसत असतील तर विंडोज अजून जागीसुद्धा झालेली नाही, मग ती मारून काय होणार? अशा वेळी विंडोज मारायचे पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडावं.

बुद्धिबळाच्या पटासारखे रंगीत चौकोन सगळीकडे एकसारखे पसरलेले दिसले तर माझा संशय कार्डाच्या मेमरीवर जातो. माणसांच्या हातापायांतून, झाडांतून लांबलचक त्रिकोणी सुळे पडद्याच्या कोपऱ्यांकडे ताणले गेले तर आकृतीच्या बिंदूंचा हिशेब चुकतोय. तो जास्त ताणलेल्या क्लॉकनेही चुकतो, ड्रायव्हरनेही. म्हणून क्लॉक थोडा खाली आणून बघायचा. सुळे गेले, तर कार्ड मेलेलं नाही, दमलेलं आहे. एकाच गेममध्ये खोट असेल आणि बाकी दहा नीट चालत असतील तर आधी तो गेम आणि ड्रायव्हर. चित्र आडवं कापल्यासारखं दिसतं, वरचा आणि खालचा भाग एकमेकांपासून सरकलेले, हा तर बिघाडच नाही. कार्ड आणि मॉनिटर यांचा ताल जुळत नाही एवढंच. व्ही-सिंक चालू करा आणि घरी जा. यासाठीही लोकांना नवीन कार्ड सुचवलं गेल्याचं मी ऐकलंय.

आमच्या भागाचे स्वतःचे रोगही आहेत. ऊस तुटून गेला की पाचट पेटवतात, तिची काजळी हवेतून थेट कार्डाच्या हीटसिंकमध्ये जाते आणि धुळीबरोबर तिचं काळं पटल तयार होतं. तापलेलं कार्ड आधी वेग कमी करतं, मग चुका करतं. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेला अर्थिंग नसतं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि शेजारची मोटर चालू झाली की पडदा लुकलुकतो. तिथे मला नाही, वायरमनला बोलवायचं असतं. आणि एक गंमत. गॅसवर वर-खाली होणाऱ्या खुर्चीवरून उठलं की काही ठिकाणी मॉनिटर क्षणभर काळा होतो. खुर्चीत साठलेली स्थिर वीज निसटते, तिचा झटका केबल पकडते. सांगितलं तर लोक हसतात, पण हे खरं आहे.

विंडोजचा निरोपही लोक चुकीचा वाचतात. डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं, असं ती सांगते, आणि सगळे म्हणतात, बघा, कार्डच. प्रत्यक्षात विंडोज कार्डाला उत्तरासाठी साधारण दोन सेकंद देते. उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. उत्तर का आलं नाही, याबद्दल ती काहीच बोललेली नसते.

यातलं सगळ्यात मोठं उदाहरण २०२४ मधलं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे महागडे प्रोसेसर घेतलेल्या लोकांचे गेम सुरू होताहोताच बंद पडत आणि निरोप येई 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी'. व्हिडिओ मेमरी म्हटल्यावर कार्डावर संशय येणारच. कित्येकांनी कार्डं बदलली. दोष प्रोसेसरचा होता. गेम सुरू होताना शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तयार करण्याचं जड काम प्रोसेसर करतो, तिथे तो गणित चुकत होता. एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरच्या टिपणातच असा निरोप आला तर इंटेलकडे जा असं लिहिलं. इंटेलने पुढे जादा व्होल्टेजची चूक मान्य केली, दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्या प्रोसेसरचं नुकसान आधीच झालं होतं ते मायक्रोकोडने भरून आलं नाही. निरोपात नाव एकाचं होतं आणि गुन्हा दुसऱ्याचा.

कार्ड नेहमी निर्दोषच असतं असं मी म्हणत नाही. २००८ मध्ये एनव्हिडियाला लॅपटॉपमधल्या चिपांच्या कच्च्या पॅकेजिंगपायी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले होते. चिप तापून-निवून तिच्याखालचे जोड तडकायचे. तेव्हापासून आपल्याकडे चिपला हॉट एअर मारून चित्र परत आणायची युक्ती रुजली. चित्र परत येतं, खोटं नाही. उष्णतेने तडकलेला जोड तात्पुरता टेकतो, आणि काही आठवड्यांत पुन्हा सुटतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि वर्षानुवर्षं अहोरात्र राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. त्यातली काही अशीच भाजून, पुसून, चकचकीत करून विकली गेली. हे काम करणाऱ्याला मी कारागीर म्हणणार नाही.

मेमरीची कोणती चिप गेली ते ओळखून तेवढीच बदलणं, हे खरं काम. आणि ते करायला आमच्या हातात काय आहे? जुन्या टीव्हीबरोबर सर्किटचा नकाशा यायचा. कधी पुस्तिकेत घडी घालून, कधी मागच्या झाकणाच्या आत चिकटवून. लाखाच्या कार्डाबरोबर तो येत नाही, मागूनही मिळत नाही. मेमरी तपासायचं सॉफ्टवेअर कंपनीच्या आतल्या वापरासाठी असतं. आम्ही जे वापरतो ते कुठून तरी फुटून बाहेर आलेलं. चोरून मिळालेल्या कागदावर प्रामाणिक काम करायचं, अशी आमची अवस्था. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षअखेरीस पोर्टलही सुरू केलं. दुरुस्तीयोग्यतेचे गुण वस्तूवर छापण्याची चर्चा आता मोबाइल आणि टॅब्लेटपर्यंत आली आहे. चांगलं आहे. पण तिथे ग्राफिक्स कार्डाचंही नाव यायला हवं, आणि गुण देताना नकाशा उघड केला की नाही हे पहिलं विचारायला हवं.

नकाशा मिळेल तेव्हा मिळेल. गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यातलं कोडं मात्र आजच सुटू शकतं. डॉक्टर तपासतात आणि 'काही नाही, पाणी जास्त प्या' म्हणतात, तरी आपण फी देतो. माझ्याकडे मात्र केबल बदलून मशीन नीट झालं की प्रश्न येतो, 'फक्त वायर तर बदललीत, त्याचे पाचशे?' वायरीचे दोनशेच आहेत. उरलेले, ती वायर आहे हे शोधल्याचे. ते नाकारलेत तर पुढच्या वेळी कुणी शोधणार नाही, तिशीचा दर मात्र दोन मिनिटांत सांगेल. पोरांच्या गेमवर माझा राग नाही. जुळवलेला पीसी चांगला असेल तर तोच अभ्यासाला, एडिटिंगला, डिझाइनला चालतो, आणि नीट निदान झालं तर कितीतरी वर्षं चालतो.

म्हणून मी दुकानात पाटी लावली आहे, तपासणी फी वेगळी, दुरुस्ती झाली नाही तरी लागू. पहिल्या काही महिन्यांत बरीच गिऱ्हाइकं पाटी वाचून परत गेली. बायको म्हणाली, काढून टाका. मी ठेवली. फीच्या बदल्यात चिठ्ठी देतो. पडद्यावर काय दिसलं, काय काय बदलून बघितलं, कशाने थांबलं, कशाने नाही. ती चिठ्ठी घेऊन कुणी मिरजेच्या दुकानात दुरुस्ती करून घेतली तरी माझी हरकत नाही. माझं काम तोवर झालेलं असतं आणि त्याचे पैसेही मिळालेले असतात.